रक्त आणि तालीम

जोयडा तालुक्यातील एका वाडीत गेल्या हिवाळ्यात मला एक मुलगा भेटला. वय असेल बारा-तेरा. अंगात उन्हाने विटलेला तांबडा सदरा, आणि पाठीवर रोमन अक्षरांत ठळक नाव होते : माने. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे मान्यांना तोटा नाही. आमच्या गल्लीत त्यांची दोन घरे आहेत, माझ्या गायनवर्गात तीन मुली आहेत, आणि हातकणंगल्याकडे तर विचारूच नका. त्यामुळे त्या कुरळ्या केसांच्या सिद्दी पोराच्या पाठीवर आपल्याकडचे आडनाव पाहून मी खुळ्यासारखा विचारून बसलो, "का रे बाळ, हा सदरा तुला कोणी कोल्हापूरकराने दिला की काय?"

तो हसला. त्याचे मित्रही हसले. "मास्तर, तो कोल्हापूरचो न्हय. सादियो माने. सेनेगालचो." एवढे सांगून, माझे अज्ञान क्षम्य आहे अशा थाटात, तो पुन्हा चेंडूमागे पळाला.

तिकडे मी गेलो होतो दमाम ऐकायला. माझा एक विद्यार्थी रामनगरचा आहे. बेळगाव, खानापूर, लोंढा असे करीत जंगलात शिरले की रामनगर लागते आणि तेथून पुढे जोयडा. जुन्या लोकांना हा तालुका सुपे या नावाने माहीत आहे; काळी नदीवरील धरणात जुने सुपे गाव बुडाले आणि नाव जोयड्याकडे आले. सिद्दी लोकांचे ते मोठे दुतोंडी वाद्य आणि त्यावरचा नाच एकदा जवळून पाहावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. ती पुरी झाली. त्या तालांविषयी पुन्हा केव्हातरी लिहीन. आज लिहावयाचे आहे ते त्या सदऱ्याविषयी, आणि त्यानंतर पाचच मिनिटांत कानावर पडलेल्या एका वाक्याविषयी.

आम्ही बांधावर बसून पोरांचा खेळ पाहत होतो. भात कापून मोकळे झालेले खाचर, पायांत वहाणा नाहीत, गोलाच्या जागी दोन दगड. माने नावाचा सदरा घातलेला पोरगा तिघांना चकवून निघाला तसे माझ्या विद्यार्थ्याचे वडील, जे अतिशय सज्जन गृहस्थ आहेत, कौतुकाने म्हणाले, "ह्यांच्या रक्तातच आहे हो ते."

हे वाक्य मी पूर्वीही ऐकले आहे. आमच्या शाहू स्टेडियमवर गेल्या काही वर्षांत तालीम संघांतून आफ्रिकी खेळाडू उतरू लागले आहेत. त्यांतल्या एखाद्याने मैदानाच्या मध्यापासून चेंडू नेऊन गोल केला की माझ्या शेजारचा प्रेक्षक हमखास हेच वाक्य बोलतो. वाक्य कौतुकाचे असते, यात शंका नाही. पण ते ऐकले की मला माझे वडील आठवतात. ते संस्थानच्या दरबारी चाकरीतले शेवटच्या फळीचे गवई. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. मैफल संपली की कोणीतरी पुढे येऊन म्हणे, "बुवा, तुमच्या रक्तातच गाणे आहे." वडील हात जोडीत. घरी आल्यावर मात्र म्हणत, "रक्तात असते तर पहाटे चारला कशाला उठलो असतो?" धारवाडच्या पाण्यातच गाणे आहे असे लोक म्हणतात, तेही त्यांना रुचत नसे. मल्लिकार्जुन मन्सूरांनी धारवाडचे पाणी प्यायले हे खरे, पण गाणे त्यांनी मंजीखाँसाहेबांकडून आणि मग भूर्जीखाँसाहेबांकडून घेतले. पाणी पिणारे बाकीचे लोक काय थोडे होते?

संगीताच्या जगात नवा गवय्या भेटला की पहिला प्रश्न असतो, तालीम कोणाची? आणि आमच्या कोल्हापुरात तालीम हाच शब्द आखाड्याला आहे आणि फुटबॉलच्या संघालाही आहे. तरी आफ्रिकी खेळाडूपुढे आपण हा प्रश्न गिळून टाकतो. त्याची तालीम कोणाची, हे आपण कधी विचारीत नाही. मी घरी आल्यावर त्या सेनेगालच्या मान्यापुरते तरी ते शोधून काढले, आणि वाचकांनाही त्यात गोडी वाटेल असे वाटते.

सादियो माने हा १९९२ साली बंबाली नावाच्या खेड्यात जन्मला. सेनेगालच्या दक्षिणेस काझामान्स हा मुलूख आहे. मध्ये गांबिया हा चिंचोळा देश शिरल्यामुळे तो राजधानी डाकारपासून तुटल्यासारखा झालेला. भाताचा, नदीनाल्यांचा प्रदेश. मान्याचे वडील तो लहान असतानाच वारले. गावात दवाखाना नव्हता. २००२ च्या विश्वचषकात सेनेगालने पहिल्याच सामन्यात त्या वेळच्या जगज्जेत्या फ्रान्सला एका गोलाने हरवले, तेव्हा हा पोरगा दहा वर्षांचा होता. त्या सेनेगाल संघातले जवळजवळ सर्व खेळाडू फ्रान्समधील क्लबांतून खेळणारे होते. म्हणजे वाट कोठून जाते हे खेड्यातल्या पोरांना त्या दिवशी दिसले. घरच्यांचा विरोध, त्यांना त्याने शिकावे असे वाटे. पंधराव्या-सोळाव्या वर्षी तो घरी न सांगता डाकारला पळाला. घरच्यांनी परत आणले. शाळेचे ते वर्ष पुरे कर, मग जा, या अटीवर सुटका झाली. डाकारमध्ये निवडचाचणीच्या वेळी त्याचे फाटके बूट पाहून एका वयस्क माणसाने हिणवले होते, ही हकीकत त्याने स्वतः सांगितली आहे.

ती चाचणी ज्या संस्थेत घेतली तिचे नाव जेनेरासिओं फूट. मादी तुरे या गृहस्थांनी २००० साली डाकारमध्ये काढलेली फुटबॉलची शाळा. शाळा म्हणजे वसतिगृह, जेवण, अभ्यास आणि रोजचा सराव. फ्रान्समधील मेत्झ या क्लबाशी तिचा करार आहे : क्लबाने शाळेला पैसा व साधने पुरवावी, शाळेने तयार झालेली मुले प्रथम क्लबाला दाखवावी. मानेही याच वाटेने २०११ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, मेत्झला पोचला. पोचला तो दुखऱ्या पायाने, आणि दुखणे लपवून. बाहेर कळले तर परत पाठवतील ही भीती. त्या वर्षी मेत्झचा संघ खालच्या श्रेणीत घसरला. पण पोराचा खेळ दिसला होता. २०१२ मध्ये ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग, २०१४ मध्ये इंग्लंडमधील साउदॅम्प्टन, २०१६ मध्ये लिव्हरपूल. २०१५ च्या मे महिन्यात ॲस्टन व्हिलाविरुद्ध त्याने तीन गोल केले ते २ मिनिटे ५६ सेकंदांत. आमच्याकडे तेवढ्यात तानपुरा जुळत नाही. २०१९ मध्ये लिव्हरपूलबरोबर युरोपचे अजिंक्यपद, २०२० मध्ये इंग्लंडचे. २०२२ च्या फेब्रुवारीत आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यात ईजिप्तविरुद्ध आरंभीच मिळालेली पेनल्टी त्याने दवडली, आणि शेवटी बरोबरी फोडण्याच्या वेळी निर्णायक फटका मारण्यास तोच पुढे आला. चषक सेनेगालला पहिल्यांदाच मिळाला. पुढे म्यूनिकचा बायर्न, आणि २०२३ मध्ये सौदी अरेबियातील अल नस्र. बंबालीत त्याच्या पैशातून शाळा उभी राहिली आणि दवाखानाही.

या हकीकतीत पायांचे कसब आहेच. पण मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. पळून जाणारा पोरगा कोठे पोचला, तर एका चालू असलेल्या शाळेत. ती त्याच्याआधी होती आणि त्याच्यानंतरही राहिली. इस्माइला सार, पाप मातार सार हे पुढचे खेळाडू तिथलेच. शाळा चालू राहण्याचे कारण असे की तिचा खर्च कोणाला तरी परवडत होता. हे कोणाला व कसे, ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे फुटबॉल पाहणारे पुष्कळ असले तरी हा हिशेब फार थोड्यांच्या कानावर असतो.

युरोपातील एका क्लबाने दुसऱ्याकडून खेळाडू घेतला की मोबदला देतो. जागतिक फुटबॉल संघटनेचा, फिफाचा, २००१ पासून असा नियम आहे की, देशाबाहेरच्या अशा व्यवहारात मोबदल्याचा पाच टक्के भाग त्या खेळाडूला बाराव्यापासून तेविसाव्या वर्षापर्यंत ज्यांनी ज्यांनी शिकवले त्या क्लबांत वाटावयाचा. बारा ते पंधरा या प्रत्येक वर्षाला पाव टक्का, सोळा ते तेवीस या प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. समजा व्यवहार एक कोटी युरोचा झाला. ज्या शाळेने मुलाला सोळाव्यापासून तीन वर्षे सांभाळले तिच्या वाट्यास दीड लाख युरो येतात. आणि खेळाडू जितक्या वेळा देश ओलांडून विकला जाईल तितक्या वेळा येतात. नियमात एक भोक होते. एकाच देशातल्या दोन क्लबांत व्यवहार झाला तर परदेशी शाळेला काही मिळत नसे. मान्याचा साउदॅम्प्टनहून लिव्हरपूलला झालेला सुमारे ३ कोटी ४० लाख पौंडांचा सौदा असाच इंग्लंडमधल्या इंग्लंडमध्ये झाला. २०२० पासून ते भोक बुजवले आहे.

हे वाचून मी गायनमास्तर म्हणून थोडा वेळ गप्प बसलो. शागीर्द पुढे कोठेही गायला तरी बिदागीतला अर्धा टक्का बालपणी सरगम घोटवून घेणाऱ्याकडे जावा, अशी कल्पना आमच्यात कोणाच्या स्वप्नातही आली नाही. असो.

या बाजाराला मी सोवळे मानीत नाही. पोरांच्या आईबापांना जमीन विकायला लावून त्यांना पॅरिसला नेणारे आणि तेथे रस्त्यावर सोडून देणारे दलाल पश्चिम आफ्रिकेत पुष्कळ झाले. अशा मुलांसाठी कामेरूनचा जुना खेळाडू जाँ-क्लोद म्बूमाँ याला २००० साली फ्रान्समध्ये संस्था काढावी लागली. एका मान्यामागे न पोचलेली पोरे कितीतरी असतात. तरीही, शिकवणाऱ्याचा हक्क कागदावर आणणारा हा व्यवहार, "रक्तातच आहे" म्हणून मोकळे होणाऱ्या आपल्या कौतुकापेक्षा मला प्रामाणिक वाटतो. कारण रक्तात आहे म्हटले की कोणाचे देणे लागत नाही. शिकवणाराही उरत नाही आणि शिकवण्याचा खर्चही उरत नाही.

आता पुन्हा काळी नदीच्या काठी येऊ. सिद्दी म्हटले की आपल्याला जंजिरा आठवतो, फार तर मलिक अंबर. उत्तर कन्नडचे सिद्दी त्या तलवारबहाद्दर घराण्यांतले नव्हेत. पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरून गुलाम म्हणून गोव्यास आणलेल्या लोकांचे ते बव्हंशी वंशज. सुटलेले, पळालेले लोक घाट चढून या रानांत शिरले. हल्याळ, यल्लापूर, अंकोला, मुंडगोड, जोयडा या तालुक्यांत ते पसरले आहेत. कोणी हिंदू, कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती. बोली कोकणीच्या वळणाची, तीत मराठी आणि कानडी मिसळलेली. अनुसूचित जमातींत त्यांचा समावेश व्हायला २००३ साल उजाडले. म्हणजे रक्ताचेच म्हणाल तर त्या पोराचे सेनेगालशी नाते असे नाहीच. सेनेगाल खंडाच्या दुसऱ्या टोकाला अटलांटिकवर. नातेच जोडायचे तर मोझांबिकच्या युसेबियोशी जोडावे, जो १९६० मध्ये लिस्बनला गेला आणि १९६६ च्या विश्वचषकात पोर्तुगालसाठी नऊ गोल करून सर्वांत पुढे राहिला. पण त्याचे नाव त्या पोराला ठाऊक नव्हते. त्याला मान्याचे ठाऊक होते, कारण मान्याचा खेळ त्याच्या मामाच्या मोबाइलवर, वाडीबाहेरच्या टेकाडावर चढले की, दिसतो. सबंध खंड एका रक्तात बसवणारे आम्ही. त्याने आपला माणूस खेळ पाहून निवडला होता.

आणि रक्ताचा हा सिद्धांत सिद्दींवर एकदा सरकारी पातळीवर आजमावूनही झाला आहे. १९८७ साली, मार्गारेट आल्वा केंद्रात क्रीडाखाते सांभाळीत असतानाच्या काळात, भारतीय क्रीडा प्राधिकरणाने विशेष क्षेत्रांतील मुलांसाठी योजना आखली आणि तिच्यात उत्तर कन्नडचे व गुजरातेतील गीरचे सिद्दी घेतले. ऑलिंपिकमध्ये आफ्रिकी वंशाचे लोक पदके नेतात, आपल्याकडेही त्या वंशाचे लोक आहेत, मग त्यांना पळवून पाहावे, असा सरळ विचार. वाड्यांवरून मुले-मुली पळवून, उड्या मारायला लावून निवडली, आणि वसतिगृहांत नेली. जंगलातल्या मुलांना तिथे पोटभर जेवण मिळाले, शाळा मिळाली, शिक्षक मिळाले. निकालही दिसू लागले. कमला सिद्दी यांच्यासारख्या धावपटू राष्ट्रीय मैदानांवर नाव मिळवून गेल्या. आणि १९९३ मध्ये सिद्दींपुरती ती योजना बंद झाली. काहींना खेळाडू म्हणून नोकऱ्या लागल्या. बाकीचे वाडीवर परतले.

आकड्यांकडे पाहा. १९८७ ते १९९३ म्हणजे सहा वर्षे. बारा वर्षांचा मुलगा पहिल्याच तुकडीत गेला असेल तर योजना मिटली तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. सादियो माने अठरा वर्षांचा होता तेव्हा तो डाकारमध्येच होता. युरोपातला त्याचा पहिला सामना पुढे आहे, पहिला मोठा चषक आठ-नऊ वर्षे दूर आहे. त्या वर्षी मादी तुरे यांची शाळा बंद पडती तर मान्याच्या रक्ताने काय केले असते? रक्ताकडून ज्यांनी फळाची अपेक्षा धरली त्यांनी शिकवणीच्या मध्यावर हिशेब मागितला. सहा वर्षांत पदक आले नाही, तेव्हा रक्तच कमी पडले, असे म्हणायलाही कोणी कमी केले नसेल.

धावण्याच्या खेळाची आणखी एक अडचण आहे. धावपटूला कोणी विकत घेत नाही. त्यामुळे पुढे जाणाऱ्याच्या कमाईतून मागे शिकवणाऱ्याकडे काही येत नाही. सगळा भार एकाच आश्रयदात्यावर, आणि त्याचे मन उडाले की सगळे संपले. आम्हा दरबारी लोकांना हे समजावून सांगावे लागत नाही. १९४९ च्या मार्चमध्ये संस्थान विलीन झाले. ते व्हायलाच हवे होते, वडीलही तसेच म्हणत. पण त्यानंतरच्या महिन्यात पगार कोठून आणावा, हे त्यांना घरोघर शिकवण्या धरून शोधावे लागले. ते निदान तयार झालेले गवई होते. तंबोरा हाती असलेला शिकता मुलगा असता तर त्याने काय धरले असते?

आपल्याकडे टिकलेल्या संस्थांचे फळही आपण पाहिले आहे. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. वडील रिक्षा चालवणारे. मुलगा लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि तिथे वाढला. त्याच्याविषयी लोक चिकाटीचे बोलले, प्रबोधिनीचे बोलले, आईबापांच्या कष्टांचे बोलले. रक्ताचे कोणी बोलले नाही. त्याच न्यायाने, यल्लापूरकडच्या गिरिजा सिद्दी या रंगभूमीवर आणि हिंदुस्थानी गायनात उतरल्या आहेत, त्यांचा षड्ज लागला तर तो कोणत्या खंडातून आला हे मी विचारणार नाही. कोणाकडे शिकल्या हे विचारीन.

अलीकडे मुंडगोडच्या बाजूला एका बिनसरकारी संस्थेने पुन्हा या भागातल्या मुलामुलींना धावण्याचे शिक्षण देण्यास आरंभ केला आहे. चांगली गोष्ट आहे. मला मात्र पदकांआधी एवढेच पाहायचे आहे की पहिल्या तुकडीतला मुलगा पंचवीस वर्षांचा होईल तेव्हा ते मैदान उघडे असेल की नाही. कोल्हापूरच्या तालीम संघांनाही एक सुचवावेसे वाटते. हंगामासाठी आफ्रिकी खेळाडू जरूर आणा, खेळ सुधारतो. पण त्याला एका संध्याकाळी पेठेतल्या पोरांपुढे बसवा आणि तो कोणत्या शाळेत, कोणाच्या हाताखाली, दिवसाचे किती तास घडला ते त्याच्या तोंडून त्यांना ऐकू द्या. सामन्यापेक्षा त्यातून जास्त मिळेल.

हे सगळे मी नंतर वाचले. त्या दिवशी खाचरात मला यातले फार थोडे ठाऊक होते. संध्याकाळी खेळ आटोपल्यावर तो मुलगा आमच्याजवळ येऊन टेकला. मी गाणे शिकवतो हे त्याला कोणीतरी सांगितले होते. रामनगरहून निघताना माझ्या विद्यार्थ्याने मान्याविषयी दोन-चार गोष्टी सांगितल्या, त्या घेऊन मी दुसऱ्या दिवशी दमामाचे ध्वनिमुद्रण करण्यासाठी पुन्हा त्या वाडीवर गेलो, तेव्हा तो सदरा तसाच अंगात होता. सकाळची वेळ, त्याच्या हातात गुरांमागे जाण्याची काठी होती.

"मास्तर," त्याने विचारले, "मान्याक कोणी शिकयलां?"

डाकारच्या शाळेचे मी ऐकले होते तेवढे सांगितले. राहायला मिळते, जेवायला मिळते, सकाळ-संध्याकाळ सराव, मधल्या वेळात अभ्यास. तो लक्ष देऊन ऐकत होता. अभ्यासाचे ऐकून जरा नाक मुरडले.

"ती शाळा अजून आसा?"

"आहे," मी म्हणालो.

त्याच्या मामाने तिकडून हाक मारली, म्हशी पुढे गेल्या होत्या. तो धावत सुटला.